रत्नाक्कांच्या घरातलं तिसरं रीळ

राक्षसाची बाजू घेणारं माणूस मी आयुष्यात एकच पाहिलं, ते म्हणजे रत्नाक्का. आष्ट्याजवळच्या एका गावात, मळ्यातल्या घराच्या भिंतीवर दिसणाऱ्या एका इंग्रजी राक्षसाला त्यांनी इतकं उघड अभय दिलं होतं, की पुढे तोच राक्षस त्यांच्या उसाच्या मुळावर आला. ती हकीकत मला सांगायचीच आहे. पण त्याआधी आक्का नीट दिसल्या पाहिजेत, नाहीतर ती खोटी वाटेल.

मी साताऱ्याची. सत्तरच्या दशकाची सुरुवात होती, बी.एड. नुकतंच झालेलं, आणि पहिली नोकरी लागली ती त्या गावातल्या हायस्कुलात. एकट्या बाईला खोली द्यायला गावात कुणी तयार होईना, तेव्हा हेडमास्तरांनी मला आक्कांपुढे नेऊन उभं केलं. आक्का साठीच्या घरात होत्या. उंच, काटकुळ्या, लुगड्याचा पदर कमरेला खोचलेला. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही, आणि उसाचा मळा त्या एकटीनं कसायच्या. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि पहिला प्रश्न विचारला, "कांदा खातीस?"

घर जैनांचं आहे हे हेडमास्तरांनी वाटेत बजावलं होतं. मी खोटं बोलायच्या बेतात होते, पण त्या नजरेपुढे ते जमलं नाही. "खाते," म्हटलं.

"खा. पर दार लावून खा. वास लय झकास येतोय मेल्याचा. मन चाळवतंय."

अशी मी आक्कांकडे राहायला आले आणि त्यांच्या घड्याळात अडकले. त्यांचं घड्याळ म्हणजे सूर्य. तो मावळायच्या आत जेवण झालंच पाहिजे. मला वेगळी चूल होती, पण संध्याकाळी एकटीनं जेवायचं नाही असा त्यांचा दंडक. शाळा सुटली की मी धापा टाकत मळ्यात यायचे, तर आक्का दोन ताटं वाढून पश्चिमेकडे डोळे लावून बसलेल्या. "चल चल, त्यो काय तुज्यासाठी थांबतोय व्हय?" त्या घरात मी भाकरी चावून खाल्ल्याचं मला फारसं आठवत नाही.

घरामागेच विहीर होती. पिण्याचं पाणी तिचं आणि उसालाही तिचंच. रोज सकाळी आक्का पहिली कळशी दुहेरी कापडातून गाळायच्या. पाणी गाळून झालं, की ते कापड उलटं करून गाळलेल्या पाण्यानंच एका बादलीत खंगाळायच्या, आणि ती बादली दोरानं सावकाश पार पाण्याला टेकेपर्यंत खाली सोडायच्या. वरून ओतायचं नाही, कापडात अडकलेल्या बारीक जिवांना लागेल. बादली पाण्यात कलंडली की त्या म्हणायच्या, "जा बाबांनो, आपल्या घरी जा."

नवी होते तेव्हा मी एकदा शहाणपणा केला. "आक्का, एवढा खटाटोप कशाला? बादलीभर पाणी परसातल्या अळवाला घातलं तर काय बिघडेल?"

"तुला उचलून आसामात ठेवली तर काय बिघडंल? भात मिळंल, समदं मिळंल. पर घर तुजं न्हवं त्ये. ज्या पाण्यातला जीव त्याच पाण्यात गेला पायजे."

यावरून कुणाला त्या मऊ स्वभावाच्या वाटतील. छे. मुंगीवर पाय पडू नये म्हणून वाकून चालणाऱ्या आक्का माणसांना जिभेनं उभं सोलायच्या. मी नवी साडी नेसले की "पडदा बरा हाय" म्हणायच्या. सर्वांत जास्त वाट्याला यायचं ते त्यांच्या धाकट्या दिरांच्या, अण्णांच्या. अण्णांचा मळा शेजारचाच, आणि बांधावरून त्यांची नजर सारखी अलीकडे. बाईमाणसाच्यानं ऊस होत नाही, मळा आपल्याकडे कसायला द्यावा, असं ते सालोसाल सांगत. आक्का म्हणायच्या, "अण्णा, तुजा बांध दरसाली हातभर माझ्याकडं चालत येतोय. त्येला पाय फुटल्यात का तुज्या नांगराला?"

आता हवालदार. धोंडीराम हवालदार गावातच राहणारे, फौजेतून निवृत्त झालेले. भर उन्हाळ्यातही पलटणीची हिरवी जर्सी अंगात. पलटणीत त्यांच्याकडे जवानांना सिनेमा दाखवायचं काम होतं. निवृत्त होताना त्यांनी निकालात काढलेलं एक जुनं प्रोजेक्टर-मशीन घेतलं आणि त्याच्याबरोबर आला एकुलता एक सिनेमा. घरी आल्यावर लक्षात आलं की आपल्या घरात वीजच नाही. आक्कांच्या मळ्यात विहिरीवरच्या मोटारीमुळे वीज होती. एक दिवस ते मशीन खांद्यावर घेऊन आक्कांच्या दारात हजर झाले.

"आक्का, तुमचं माजघर द्या आन भिंत द्या. मी तुमास्नी विलायत दावतो."

आक्कांना कुतूहल दांडगं. त्यांनी भिंत दिली, पण अट घातली. रात्री खेळ नाही. "दिव्यावर किडं येत्यात आन भाजून मरत्यात. तुज्या मशिनीचा दिवा तर केवढा!" झालं. आमचा भयपट भर दुपारी सुरू झाला. रविवारी जेवणं उरकली की माजघराची दारं लावायची, खिडक्यांवर घोंगडी टांगायची, आणि आत पन्नासेक माणसं घामानं निथळत राक्षसाची वाट बघत बसायची. घोंगड्याच्या एका भोकातून उन्हाची तिरीप नेमकी राक्षसाच्या पोटावर पडायची. ती बुजवायला कुणी गेलं की त्याची सावली भिंतभर, आणि लोक ओरडायचे.

सिनेमा काळापांढरा, जुनाट, इंग्रजी. नावाची पट्टी कधीच तुटून गेलेली, त्यामुळे गावात त्याचं नाव नुसतं 'पाण्यातलं' असं पडलं. कुठल्याशा थंड मुलखातलं तळं. काठावर इंजिनियर लोक येतात, त्यांना तळ्याच्या पोटातला खडक सुरुंगानं फोडायचा असतो. आणि तळाशी राहतो राक्षस. अंगभर खवले, शिंगाळा माशासारख्या लांब मिशा, कपाळावर एकच डोळा. तो पाण्यातून वर यायचा तेव्हा आधी मिशा दिसायच्या. आमच्या बायका तेवढ्यावरच पदरात तोंड घालायच्या.

इंग्रजी कुणाला कळत नसल्यानं हवालदार मशीनपाशी उभं राहून सांगत. "आता ह्यो सायब म्हंतोय, जवानो, पोझिशन घ्या. ती मॅडम म्हंती, मला बी येऊ द्या. सायब म्हंतोय, लेडीज लोक पीछे!" मला थोडंफार इंग्रजी कळत होतं, आणि साहेब बिचारा बोटीच्या दोराबद्दल बोलत होता. पण मी तोंड उघडलं नाही, कारण हवालदारांचा साहेब जास्त चांगला होता. दर खेपेला तो काहीतरी नवीन बोलायचा. एकदा तर त्यानं पगारवाढ मागितली.

आक्का सगळ्यांत पुढे बसायच्या, मला शेजारी घेऊन. भ्यायची त्यांना भारी हौस. मिशा दिसल्या की माझं मनगट गच्च धरायच्या. सोमवारी मी शाळेत बांगड्यांचे वळ घेऊन जायचे. पण भीती एकीकडे आणि न्याय दुसरीकडे. पडद्यावरची गोरी बाई किंचाळली की आक्कांचा आवाज यायचा, "वरडतीस कशाला गं भवाने? त्ये तुज्या घरात आलंय का तू त्येच्या?" साहेब लोक सुरुंग पेरायला लागले की, "बगा, बगा, दुसऱ्याच्या घराला सुरुंग लावत्यात. अण्णाच हाय ह्यो!"

सिनेमाची तीन रिळं होती. पहिल्याच खेळाला दुसरं रीळ संपलं तेव्हा राक्षस एका कोपऱ्यात अडकला होता, चारी बाजूंनी बोटी. हवालदारांनी तिसरं रीळ चढवत फुशारकीनं म्हटलं, "आता बगा आक्का, ह्येला कसा उडिवत्यात!"

आक्का उठल्या आणि मशीनपुढे जाऊन उभ्या राहिल्या. "म्हंजे मारत्यात?"

"मग काय ववाळत्यात?"

"माझ्या घरात न्हाई."

"आवं आक्का, रबराचं हाय त्ये! आत माणूस हाय!"

"मग तर न्हाईच न्हाई."

लोकांनी गलका केला, हवालदारांनी हात जोडले, मीही मध्ये पडून पाहिलं. काही उपयोग झाला नाही. त्या दिवसापासून नियम झाला: आक्कांच्या घरी सिनेमा दोनच रिळांचा. वर हवालदारांकडून त्यांनी शब्द घेतला, की शेवट कुणाला तोंडानंही सांगायचा नाही. फौजेतला माणूस, शब्द म्हणजे शब्द. त्यामुळे गावातल्या एकाही माणसाला शेवट ठाऊक नव्हता. हेडमास्तर मला स्टाफरूममध्ये बाजूला घेऊन विचारायचे, "बाई, काही कळलं का हो?" हवालदारांचं मात्र फार वाईट वाटायचं. तिसऱ्या रिळाचा डबा ते दर रविवारी पुसून बरोबर आणायचे आणि तसाच परत न्यायचे.

एका रविवारी त्यांच्या हातून कसली तरी खिटी उलटी पडली आणि सिनेमा मागे धावू लागला. साहेब पाठीकडून चालत बोटीत चढले, पाण्यात पडलेली टोपी उडून डोक्यावर बसली. हवालदार घाबरून खिटी शोधू लागले. आक्का पदराचा बोळा तोंडात कोंबून इतक्या हसल्या, की मला त्यांच्या पाठीवर थोपटावं लागलं. "आगं, शानी झाली माणसं! आल्या वाटंनं माघारी चालली!" आठवडाभर त्यांना मध्येच आठवायचं आणि त्या भाकरी थापता थापता हसायच्या.

मग ते पावसानं दगा दिलेलं साल आलं. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी तळाला गेलं. मोटार चिखल ओढू लागली, उसाची पानं शेंड्याकडून पिवळी पडू लागली. विहिरीत गाळ फार साठला होता. तो काढला तर झरे मोकळे होतील, हे सगळ्यांनाच दिसत होतं. अण्णांनी नेमकी हीच वेळ साधली. भावकी बसवून त्यांनी मळ्याचा विषय काढला, आणि आक्का रागाच्या भरात बोलून गेल्या, "ह्यो ऊस माझ्या हातनं कारखान्याला गेला न्हाई, तर फुडच्या सालापासनं मळा तू कस." अण्णांनी चारचौघांसमोर लगेच मान डोलावली. घरी आल्यावर आक्का विहिरीच्या काठाशी जाऊन बसल्या. मालकांनी स्वतः पाडलेली विहीर होती ती. "ह्यो मळा गेला तर मी कुणासंगं बोलू गं?" एवढंच त्या म्हणाल्या.

गाळ काढायला टोळी आणवली ती म्हसवडकडची. विहिरी पाडण्यात हयात गेलेली माणसं. त्यांचा मुकादम शिदा, गोटीसारखा काळा आणि घट्ट. टोळी आली त्या दिवशी दुपारची विश्रांती होती. नवे प्रेक्षक बघून हवालदारांना राहवलं नाही. घोंगडी टांगली गेली. त्या गड्यांनी जन्मात सिनेमा पाहिला नव्हता. मिशा वर आल्या तेव्हा दोघे जण उठून दारापर्यंत गेले. आक्का नेहमीप्रमाणे राक्षसाच्या बाजूनं भांडत होत्या. दुसरं रीळ संपलं, घोंगडी निघाली, गडी गुपचूप बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिदा पायऱ्यांनी विहिरीत उतरला आणि लगोलग वर आला. गढूळ पाण्यातून एक रुंद काळी पाठ वर आली होती आणि परत बुडाली होती. मग टोळीत एकेकाला काय काय होऊ लागलं. एकाची पाठ धरली. एकाच्या डोळ्यात कचरा गेला. एकाला गावाकडच्या म्हशीची काळजी वाटू लागली. आक्का तिथं पोचल्या तेव्हा सगळे बांधावर ओळीनं बसलेले.

"आक्का, हिरीत कायतरी हाय," शिदा म्हणाला.

"हाय की. कासव हाय. आमच्या मालकांनी हीर पाडली तवा सोडलेलं. पाणी निवळ राखतंय."

शिदानं थोडा विचार केला. "तुमी तसंच सांगनार."

"म्हंजे?"

"काल तुमी उघड उघड त्येच्याच बाजूच्या हुता. समद्या गड्यांनी बगितलंय. आन मला एक सांगा, त्यो मेला का शेवटी?"

आक्कांनी माझ्याकडे पाहिलं.

"न्हाई न्हवं मेला? तुमीच मरू दिला न्हाई म्हनं. मग त्यो गेला कुटं?"

आक्का विहिरीकडे बघू लागल्या. मीच पुढे झाले. म्हटलं, अहो, ते सगळं नाटक असतं, आणि ते तळंही सातासमुद्रापलीकडलं. शिदानं माझ्याकडे दयेनं पाहिलं. "बाई, पाणी खालनं समदीकडं एकच अस्तंय. आमी हिरी पाडतो, आमाला ठावं हाय."

उद्यापर्यंत काय ते ठरवा, नाहीतर आम्ही विट्याकडच्या कामावर जातो, असं टोळीनं सांगून टाकलं. ती गेली असती तर त्या दिवसांत दुसरी मिळणं शक्य नव्हतं; सगळीकडेच विहिरी कोरड्या. आणि ऊस आणखी आठ दिवस टिकला नसता.

संध्याकाळी हवालदार आले. ओसरीवर बसले, जर्सीच्या बाह्या खालीवर करत राहिले आणि शेवटी म्हणाले, "आक्का, तिसरं रीळ दावूया. त्येनी मेल्यालं बगितलं की उतरतील."

आक्कांनी तोंड फिरवलं. तेवढ्यात अण्णाही बांध ओलांडून आले. टोळीची बातमी त्यांना कळली होतीच. "वैनी, तुमच्या घरात चालत नसंल तर माझ्या घरी दावा की. माझ्याकडं बी लाइट हाय. आनंदानं दावा." अण्णांचा चेहरा खरोखरच आनंदी होता. आक्कांना वाचवल्याचंही श्रेय आणि आक्का नमल्याचंही सुख.

सूर्य खाली गेला. समोर वाढलेलं ताट आक्कांनी सारलं. मग त्या म्हणाल्या, "मारायचं दुसऱ्याच्या घरात आन ऊस पिकवायचा माझ्यात, ह्ये न्हाई जमायचं. पाप लागायचंच असलं तर त्येनं नीट माझं घर हुडकत यावं. धोंडीराम, उद्या हितंच लाव. आन अण्णा, तू घरी जा. भाकर निवत आसंल तुजी."

दुसऱ्या दिवशी आक्कांनी उपास धरला. दुपारी माजघरात टोळी पुढे बसली, मागे अख्खा गाव. शेवट दिसणार म्हणून हेडमास्तरही आले होते. मला वाटलं होतं, आक्का तेवढा वेळ परसात जाऊन बसतील. पण त्या नेहमीच्या जागी येऊन बसल्या आणि त्यांनी माझं मनगट धरलं. आज मिशा दिसायच्या आधीच धरलं.

हवालदारांनी डबा नेहमीसारखा पुसला आणि तिसरं रीळ चढवलं. इतके रविवार ज्याची वाट पाहिली ते असं वाट्याला आलं. भिंतीवर सपाट पाण्यातून आधी मिशा, मग राक्षस वर आला; बोटी जवळ आल्या. बंदुका झाडल्या. राक्षस हात वर करून काठाकडे निघाला आणि सुरुंग उडाला. पाण्याचा डोंगर वर गेला. तो खाली बसला तेव्हा राक्षस पाठीवर तरंगत होता, मिशा पाण्यावर सुटलेल्या. टोळी नाचू लागली. शिदा उठून भिंतीपाशी गेला, राक्षसाच्या पोटावर बोट दाबून त्यानं खात्री केली आणि वळून म्हसवडच्या देवाचं नाव घेत म्हणाला, "मेलंय! शिद्धनाथाच्या नावानं, चला रं!" गडी हसत, एकमेकांना ढकलत विहिरीकडे पळाले. त्यांच्यामागे गावही पांगलं.

माजघरात आम्ही तिघंच उरलो. हवालदार मशीन बंद करायला वाकले. आक्का अजून भिंतीकडेच बघत होत्या. डोळे कोरडे होते, पण चेहरा मला बघवेना.

"धोंडीराम," त्या म्हणाल्या, "तवा तुजी सायबं उलटी चालली हुती. ह्ये रीळ बी चालंल का?"

हवालदार सरळ झाले. त्यांनी दार लावलं, सरकलेलं घोंगडं नीट केलं आणि खिटी उलटी फिरवली.

मी तसलं पुन्हा काही पाहिलं नाही. तरंगणारा राक्षस हलला. पाण्याचा डोंगर उठला आणि पाण्यातच जिरला; त्यातून राक्षस धडधाकट, उभा. बंदुकांचा धूर लांबून गोळा होत नळ्यांत शिरला. साहेबांनी बंदुका खाली केल्या. इंग्रजी तर इतकं चमत्कारिक ऐकू येत होतं, की हवालदारांनी आवाज बंद केला. थोडा वेळ नुसती मशीनची टकटक. मग सवयीनं त्यांच्या तोंडून शब्द आले.

"आता सायब म्हंतोय..." ते अडखळले. पुन्हा म्हणाले, "सायब म्हंतोय, चूक झाली. चला माघारी."

बोटी पाठीकडून दूर गेल्या. राक्षस एकेक पाऊल मागे घेत पाण्यात उतरला, कमरेपर्यंत, खांद्यापर्यंत, मग नुसत्या मिशा. मग पाणी सपाट झालं. आक्कांनी माझं मनगट सोडलं आणि हात जोडले.

"जा बाबा," त्या म्हणाल्या, "आपल्या घरी जा."

तेवढ्यात विहिरीकडून आरडाओरडा ऐकू आला. आम्ही पळालो. शिदा चिखलानं माखून वर आला होता आणि त्याच्या डोक्यावरच्या पाटीत एक जुनं, परातीएवढं कासव मान आत ओढून बसलं होतं. "आक्का, घावलं! ह्येच हुतं व्हय!" सगळी टोळी हसत होती. आक्कांची जीभ क्षणात जागेवर आली. "मग कवाधरनं काय सांगतीय मी? एवढी दांडगी माणसं, कासवाला भ्यालासा! म्हसवडात सांगू का कुणाला?" कासव गुरांच्या हौदात ठेवलं. दोन दिवसांत गाळ निघाला, झरे मोकळे झाले, पाणी चढू लागलं. मग आक्कांनी त्याला पाटीत बसवून दोरानं स्वतः विहिरीत सोडलं, पार पाण्याला टेकेपर्यंत.

ऊस तरला. हंगामात कारखान्याकडे निघालेल्या पहिल्या गाडीपुढे आक्का वेशीपर्यंत चालत गेल्या. अण्णा दारात उभे होते. दिलेला शब्द त्यांनी पाळला, मळ्याचं नाव पुन्हा काढलं नाही. आक्कांनी त्यांना गाडीपुढूनच आमंत्रण दिलं, "अण्णा, रविवारी शिनमाला ये. आता शेवटपातूर दावतोय आमी. त्येच्या बी म्होरं दावतोय."

खरंच दाखवत होते. आक्कांनी नियम बदलला होता: तिसरं रीळ लावायचं, पण लगेच उलटंही लावायचं, आणि उलटं संपल्याशिवाय कुणी उठायचं नाही. हवालदार खुशीत होते. उलट्या रिळाचं भाषांतर त्यांना सुलट्यापेक्षा सरस जमू लागलं. साहेब माफ्या काय मागायचे, मॅडम राक्षसाला राम राम काय करायची! आणि शेवटी मिशा पाण्याखाली गेल्या की अख्खं माजघर, पोरंबाळं, बायका, म्हातारे, एका सुरात म्हणायचे, "जा बाबा, आपल्या घरी जा." हेडमास्तरांचा आवाज त्यात सर्वांत मोठा असायचा.

पुढे माझी बदली साताऱ्याला झाली. मला हवी होती तीच, आई वाट बघत होती. तरी ट्रंक भरताना माझा जीव थाऱ्यावर नव्हता. जायच्या दिवशी दुपारी हवालदारांनी माझ्या मानाचा खेळ लावला. तिन्ही रिळं, मग उलटं. मी आक्कांच्या शेजारी, माझं मनगट त्यांच्या हातात. शेवटी सगळे नेहमीचं वाक्य म्हणाले.

घोंगडी निघाली, उजेड आत आला. एस.टी.ची वेळ झाली होती. मी वाकून नमस्कार केला. "सातारा काय लांब नाही आक्का, येईन की मी," असं काहीतरी बोलत सुटले. आक्कांनी मला गप्प केलं नाही, टोमणाही मारला नाही. त्या माझ्याबरोबर विहिरीपाशी आल्या, तिथून पायवाटेपर्यंत आल्या, आणि वाट सडकेला मिळते तिथं थांबल्या. म्हातारीचा हात माझ्या मनगटावर होता. तो त्यांनी सावकाश, जपून सोडला.

"जा बाई," त्या म्हणाल्या, "आपल्या घरी जा."

एस.टी.तून मागे वळून पाहिलं तेव्हा त्या सडकेच्या कडेला तशाच उभ्या होत्या, पदर खोचलेला, उन्हासाठी डोळ्यांवर आडवा हात धरून. मी हात हलवला. त्यांना तो दिसला की नाही कोण जाणे, पण गाडी वळेपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत.